तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही

शाळेतल्या प्रयोगाचा एक व्हिडिओ फिरतोय. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली, पाणी नितळ झालं, खाली मजकूर: 'आता बिनधास्त प्या.' प्रयोग छानच आहे, मजकूर मात्र चुकीचा. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. त्यांच्यासोबत काही जंतू जातात, सगळे नाहीत. म्हणून जलशुद्धीकरण केंद्रात त्यानंतर वाळूचा फिल्टर आणि शेवटी क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवं. गावात पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी टेस्ट करतात ती यासाठीच: थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडिन या द्रावणाचे थेंब टाकतात. पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे. (वर्गात हेही दाखवायला हवं होतं.) घरी निवळलेलं पाणी गाळून, उकळूनच प्या. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.