प्रोग्रॅमिंगपासून वाचायचं तर काय वाचावं?

प्रोग्रॅमिंग शिकायचं ठरवलंत, उत्तम. आता पहिली काळजी ही घ्या, की आज काही लिहून बसू नका. एडिटर उघडून दोन ओळी खरडल्या आणि चुकून त्या चालल्या, तर पुढचं सगळं नियोजन कोलमडतं. आधी पुस्तक शोधायचं. चांगलं पुस्तक. खरं म्हणजे सगळ्यात चांगलं. ते मिळेपर्यंत संगणकाला हात लावायचा नाही, लावायचाच तर शोधण्यापुरता.

मी या वाटेवर नवखा नाही. माझ्या संगणकात 'शिकायचंय' नावाचा एक फोल्डर होता, त्याच्या पोटात 'शिकायचंय-नक्की' आणि त्याच्याही पोटात 'यातलंच-आधी'. या शेवटच्या फोल्डरात ४१ पीडीएफ होत्या. त्यांतली ९ पुस्तकं 'अगदी सुरुवात करणाऱ्यांसाठी' असल्यामुळे मी ९ वेळा अगदी सुरुवात केली. व्हेरिएबल म्हणजे एक डबा, त्यात आपण किंमत ठेवतो, इथपर्यंत माझी प्रगती नऊही वेळा सारखीच झाली. डब्याच्या बाबतीत आज माझा हात कोणी धरू शकणार नाही. तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐका.

आधी भाषेचा घोळ घाला. कुठली भाषा पहिली शिकावी, हा प्रश्न नीट लावून धरला तर दोन-तीन महिने आरामात निघतात. चार जाणकारांना विचारा, पाच उत्तरं येतील. एक म्हणेल पायथन घे, सोपी आहे. दुसरा म्हणेल सी घे, अवघड आहे. तिसऱ्याने जावास्क्रिप्ट सुचवली तर त्याला ऐकवा, की ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांच्या भाषेपायी आपण आयुष्य घालवायचं का? (त्या दहा दिवसांत त्यांनी 'भाषा कशी बनवावी' यावरची पुस्तकं जमवली नव्हती, हे मात्र बोलू नका.) लूप, अट, फंक्शन ही मंडळी सगळ्याच भाषांत थोडे कपडे बदलून भेटतात आणि एक भाषा अंगवळणी पडली की दुसरी निम्म्या कष्टात येते, असं कोणी म्हणू लागलं तर विषय बदला.

आता पुस्तक. ते वजनावर घ्या. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ साली आलं ते अवघ्या २२८ पानांचं. दोघांपैकी रिचींनी तर ती भाषाच घडवली, आणि सांगायला एवढंच? त्यात पहिल्याच प्रकरणात 'हॅलो, वर्ल्ड' छापायला बसवतात आणि पुढे जाता जाता 'हे बदलून पाहा, ते लिहून पाहा' असे स्वाध्याय पेरत जातात. पाहुण्याला दारातच कामाला जुंपायची ही कुठली रीत? त्यापेक्षा नऊशे पानांचा ठोकळा घ्या. त्यात पहिल्या प्रकरणात चार्ल्स बॅबेज असतात, दुसऱ्यात एनिॲक हा खोलीभर पसरलेला जुना संगणक आणि त्याच्या सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, तिसऱ्यात द्विमान पद्धत. नमनालाच इतकं तेल जळतं, की प्रोग्रॅमची पहिली ओळ येईतो दिवा विझलेला असतो.

नुसतं दाखवायला पुस्तक हवं असेल, म्हणजे व्हिडिओ कॉलमध्ये पाठीमागे दिसेल असं, तर डोनाल्ड नूथ यांना पर्याय नाही. त्यांनी 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या आपल्या ग्रंथमालेचं काम १९६२ साली सुरू केलं, पहिला खंड १९६८ साली आला, आणि चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ साली. लेखकालाच घाई नाही, तर वाचकाने का करावी? त्यांतल्या स्वाध्यायांना ० ते ५० असे काठिण्याचे आकडे दिलेले आहेत. फर्माचं शेवटचं प्रमेयही एक स्वाध्याय म्हणून ठेवलेलं आहे. ते सुटलेलं नव्हतं तेव्हा त्याला ५० होते, सिद्धता मिळाल्यावर ते ४५ वर आलं. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक देण्याची नूथ यांची २००८ पर्यंतची रीत प्रसिद्ध आहे, कारण सोळाच्या पायावरच्या मोजणीत २५६ सेंट '१००' असे लिहितात, म्हणजे त्या मोजणीतला एक डॉलर. तुम्ही निर्धास्त असा. चूक सापडायला पुस्तक उघडावं लागतं.

हे जड वाटलं तर 'एकवीस दिवसांत', 'चोवीस तासांत' अशी नावं शोधा. असल्या शीर्षकांना वैतागून संगणकतज्ज्ञ पीटर नॉर्विग यांनी २००१ साली एक निबंध लिहिला, त्याचं नावच 'दहा वर्षांत प्रोग्रॅमिंग शिका' अशा अर्थाचं आहे. आपण मधला मार्ग काढू. एकवीस दिवसांचं पुस्तक घ्या आणि ते दहा वर्षं पुरवा. दोघांचाही मान राहतो.

आणि हो, पुस्तकाचं किंवा धड्याचं साल बघायचं नाही. ज्ञान कुठे शिळं होतं? उदाहरणच द्यायचं तर पायथनची तिसरी पिढी डिसेंबर २००८ मध्ये आली, ती दुसरीशी जाणूनबुजून फारकत घेऊनच. दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. पण जुने धडे आहेत तिथेच आहेत, आणि शोधलं की अजूनही समोर येतात. त्यातला पहिला धडा घ्या: प्रिंट, मग मोकळी जागा, मग अवतरणचिन्हांत नमस्कार. नव्या पायथनला द्या. ती म्हणते, अमुक ओळीत प्रिंटचे कंस राहिलेत, कंसात घालायचं होतं का? चूक कुठे, चूक काय, दुरुस्ती काय, सगळं दोन ओळींत सांगून मोकळी. इथे स्वतःला सांभाळा. ती ओळ वाचायची नाही. ती लाल अक्षरांत आली आहे, म्हणजे रागाने आली आहे, आणि रागात बोललेलं मनावर घ्यायचं नसतं. खिडकी बंद करा आणि 'पायथन चालत नाही' असं शोधा. त्यातून नवा धडा मिळेल, बहुधा आणखी जुना.

सीच्या जुन्या धड्यांत तुम्हाला गेट्स नावाचं एक फंक्शन भेटेल. किती जागा आहे हे न विचारता समोरून येईल ते भरत सुटणारं. १९८८ च्या मॉरिस वर्मने, म्हणजे यंत्रायंत्रांत आपोआप पसरत गेलेल्या एका प्रोग्रॅमने, ज्या वाटांनी यंत्रांत शिरकाव केला त्यांतली एक याच फंक्शनमुळे उघडी होती, आणि २०११ च्या प्रमाण सीमधून त्याची हकालपट्टी झाली. धड्यांतून नाही झाली. पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेचंही तेच. मायएस्क्यूएल या डेटाबेसशी बोलणारी तिची जुनी फंक्शनं २०१५ च्या सातव्या आवृत्तीत काढून टाकली, पण धडे अजून त्यांच्याच जिवावर चालतात. शिवाय त्यांत वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव जसंच्या तसं क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाला, चिकटवायला शिकवलेलं असतं, म्हणजे नावाच्या रकान्यात एक अवतरणचिन्ह आणि पुढे हवी ती आज्ञा लिहिणाऱ्याला अख्खा डेटाबेस मोकळा. सोपं पडतं. घराला कुलूप नसलं की किल्ली हरवायची भीती नाही.

अवतरणचिन्हावरून आठवलं. एकदा मोहाला बळी पडून मी एका धड्यातल्या चार ओळी उचलून चालवायला घेतल्या. पायथनने सांगितलं, अवैध अक्षर, यू+२०१सी. मी दीड तास त्या ओळी न्याहाळल्या. धड्यातल्या ओळींशी ताडून पाहिल्या. हुबेहूब होत्या; असणारच, तिथूनच आणल्या होत्या. फॉन्ट बदलला. संगणक बंद करून चालू केला. पायथन काढून पुन्हा टाकली. शेवटी कंटाळून त्याच चार ओळी हाताने टाइप केल्या, तर चालल्या! धड्याच्या पानाने शोभेसाठी सरळ अवतरणचिन्हांची गोंडस, शेपटीवाली चिन्हं केली होती, आणि यंत्राला शोभा कळत नाही. पीडीएफमधून उचललं तर याहून बहार येते. ओळींचे क्रमांक सोबत येतात आणि डावीकडचे समास सपाट होतात. पायथनमध्ये तर ओळ कोणाच्या पोटात हे समासावरूनच ठरतं. हाताने टाइप करणाऱ्याला हे सगळं पहिल्या आठवड्यात कळून जातं, कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे बोटांना आपोआप समजू लागतं. म्हणून सांगतो, कॉपी-पेस्ट सोडू नका.

ज्यांना वाचनाचाही त्रास नको त्यांच्यासाठी व्हिडिओ आहेत. बारा तासांचा एकसंध निवडा आणि दुप्पट वेगाने लावा, सहा तास नफा. तो टाइप करतो, तुम्ही टाइप करता. त्याचं चालतं, तुमचंही चालतं. तो थांबतो, तुमचंही थांबतं. त्याचा सेमिकोलन कधी सुटत नाही, कारण सुटलेला भाग कापलेला असतो. त्यामुळे तुमचा सुटला की जगात असं फक्त आपल्याच बाबतीत होतं याची खात्री पटते. शेवटी कामांची यादी ठेवणारं एक ॲप तयार होतं. त्यात पहिलं काम टाका: पुढचा व्हिडिओ शोधणे. काही शिकवणाऱ्यांना मात्र एक वाईट खोड असते. चूक झाली की ती तशीच ठेवतात, आलेला संदेश मोठ्याने वाचतात, दोन अंदाज बांधतात, दोन्ही फसतात, मग मध्ये एक प्रिंट टाकून किंमत बघतात आणि चोर पकडतात. असल्या माणसाच्या संगतीत तुम्हाला डीबगिंग येऊ लागेल. वेळीच चॅनेल बदला.

भाषेच्या अधिकृत कागदपत्रांकडे तर फिरकूच नका. पायथनचा शिकवणीचा मजकूर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे, वेबसाठी मोझिलाने २००५ पासून चालवलेलं एमडीएन आहे. दोन्ही फुकट, आवृत्तीबरोबर बदलत जाणारी. पण त्यांत काय राम? आ वासलेला एकही चेहरा नाही, 'हे कोणीच सांगत नाही' असं कोणी सांगत नाही. हार्वर्डची सीएस५० ही शिकवणीही फुकट मिळते. ती बघायला हरकत नाही, डेव्हिड मेलन रंगवून सांगतात, फोन बुक मधोमध फाडून शोधायची युक्ती दाखवतात. व्याख्यान बघा आणि उठा. दर आठवड्याचे प्रश्नसंच असतात, तिकडे जाऊ नका. मी एकदा पहिला संच उघडला होता, त्यात आधी सगळं समजलंय असं जे वाटत होतं ते बारा मिनिटांत गेलं. इतकं महागडं समाधान असं उडवायचं नसतं.

अलीकडे संभाषण करणारी यंत्रं आल्यापासून फारच सोय झाली आहे. त्यांच्याकडून सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तक्त्यात मागा. तक्ता येतो. रविवारी उजळणी धरून मागा. तोही येतो. दहावा तक्ता नवव्यापेक्षा निश्चित सरस असतो. अडलेलं घोडं हलवण्यासाठी त्या यंत्रांना 'मला उत्तर देऊ नकोस, फक्त एक इशारा दे' असंही म्हणता येतं असं ऐकून आहे, पण तेवढ्यासाठी आधी कुठेतरी अडायला हवं.

एका गोष्टीपासून मात्र जपा. स्वतःची गरज. पुस्तकातला नोकरांच्या पगाराचा प्रोग्रॅम अर्ध्यात सोडता येतो, कारण ते नोकर आपले कोणी नसतात. स्वतःचं काम अडलं की माणूस वाहवत जातो. माझं तसंच झालं. त्या ४१ पीडीएफ सालाप्रमाणे लावायच्या होत्या, म्हणजे निदान कुठून सुरू करायचं ते ठरलं असतं. फायलींच्या नावांत साल होतं. हाताने बदलायचा आळस आला आणि मी, मला क्षमा करा, आठ ओळी लिहिल्या: नावातले चार आकडे उचलायचे आणि फायलीला तेच नाव द्यायचं. तिसऱ्या ओळीत चूक आली. आसपास कोणी नव्हतं म्हणून ती वाचली. आपला विसर्गासारखा कोलन राहिला होता. घातला. चाललं. एकही लाल अक्षर नाही. आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम एका फटक्यात!

फोल्डर उघडला तर १३ फायली. एका सालाची पुस्तकं अनेक होती आणि नाव मात्र एकच, त्यामुळे प्रत्येक पुढची फाइल मागचीच्या जागी जाऊन बसली आणि मागची गेली. माझ्या यंत्रावर नाव बदलण्याची ती आज्ञा त्या नावाची फाइल आधीपासून असली तर काही न विचारता तिच्यावर लिहिते. अधिकृत कागदपत्रांत तसं सरळ लिहिलेलं आहे, मी नंतर पाहिलं. प्रोग्रॅमचं काही चुकलं नव्हतं. मी सांगितलं तेवढंच त्याने केलं.

२८ पुस्तकं गेली. पुन्हा मिळवायची म्हणून यादी करायला बसलो, पण एकाचंही नाव आठवेना. तेव्हा शोध नव्याने सुरू केला आहे. तुमच्या माहितीत एखादं चांगलं पुस्तक असेल तर सांगा. सुरुवात करणाऱ्यांसाठीचं असलं तरी चालेल.