तीस मीटर लांबीची घूंऽऽ

सभागृहाच्या मागच्या टोकाला मिक्सर, पुढे स्टेज आणि मधे 30 मीटर केबल. "आवाजाचं मी बघतो," असं चारचौघांत बोलून बसलो होतो. लॅपटॉपची पिन खोचली आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. गाणं लागायचं होतं, तंबोरा आधीच लागला.

अशा वेळी जाणकार कुठून उगवतात कोण जाणे! एकाने केबल हलवली, दुसऱ्याने स्पीकरला थोपटलं. तिसरा म्हणाला, "प्लगची अर्थची पिन काढून टाक, गप्प होईल." होतं खरं. पण उद्या बॉडीत करंट उतरला तर माणूसही गप्प होतो. मी पक्कड खिशात लपवली.

लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं थांबलं. म्हणजे चोर सापडला! लॅपटॉपचा प्लग स्टेजवर, मिक्सरचा मागे. दोन्हीकडचा अर्थ नावालाच एक. व्होल्टेजमध्ये किंचित फरक, आणि तो मिटवायला करंट आमच्याच केबलच्या बाहेरच्या, अर्थला जोडलेल्या जाळीतून येरझारा घालत होता. सेकंदाला 50 वेळा, काही देशांत 60. एवढी चिकाटी माझ्यात असती तर!

मग ट्रान्सफॉर्मरवाले दोन डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सरच्या मधे बसणारे छोटे डबे, आणले. सिग्नल पलीकडे जातो, अर्थचा धागा मधेच तुटतो. एक लॅपटॉपला, एक गिटारला. हाताशी असावेत म्हणून दोन्ही मिक्सरशेजारी मांडले. घूं गेलं, पण गिटार घोंगडी पांघरून बोलायला लागली. ट्रेबलचा, म्हणजे वरच्या सुरांचा, नॉब मी अर्धा तास पिळला. नॉब बिचारा निर्दोष होता. गिटारपासून मागच्या बॉक्सपर्यंत 30 मीटर साधी केबल होती, आणि अशी केबल मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायची भूक, बाळगते. 30 मीटरचे झाले 3000. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागात, मुळात जीव तो केवढा! त्याचा ट्रेबल वाटेतच सांडत होता.

निमूटपणे बॉक्स उचलून स्टेजवर नेले. गिटारपासून बॉक्सपर्यंत आखूड वायर, पुढे लांबलचक बॅलन्स्ड केबल. तिच्या एका तारेत सिग्नल सुलटा, दुसरीत उलटा. मिक्सर वजाबाकी करतो आणि दोघींत सारखीच घुसलेली घाण आपोआप कटते. शाळेत वजाबाकीबद्दल असं कोणी सांगितलं नव्हतं.

आता सभागृहात चिडीचूप शांतता. गिटारवाला संशयाने स्पीकरकडे बघत म्हणाला, "चालू आहे ना?"

मी अभिमानाने माईकचा आवाज वाढवून दाखवला. माईक नेमका स्पीकरच्या तोंडासमोर होता.

कुंईऽऽऽ.