सेन्सर स्वस्त चालेल, पण तपासणी आपल्याच हवेत हवी

बेळगावच्या मंडळींशी फोनवर हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की मला दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. सरकारी केंद्राशिवाय कुणाचाच आकडा खरा धरू नये, दोन-तीन हजारांचे सेन्सर म्हणजे खेळणी, हे एक. परदेशी बनावटीचं चांगलं यंत्र आणून बसवलं की प्रश्न मिटला, हे दुसरं. जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये मी याच सेन्सरांवर काम करतो आणि मला दोन्ही मतं पटत नाहीत.

इथल्या नागरिकांनी 2015 साली स्वस्त धूलिकण-सेन्सर स्वतः जोडून गॅलऱ्यांत टांगायला सुरुवात केली. त्या आकड्यांना कायद्यात किंमत नव्हती. 2019 मध्ये जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली ती अधिकृत केंद्रांनी मोजलेल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे आणि न्यायालयाच्या निकालामुळे. पण आपल्या गल्लीतली हवा कशी आहे, हे विचारायची सवय लोकांना त्या गॅलऱ्यांनी लावली. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा तेव्हा इथे घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम होती. भारतातही निवासी आणि औद्योगिक भागासाठी 2009 पासून तीच आहे. कायद्यात आपण मागे नव्हतोच. मोजणाऱ्या जागा कमी आहेत, आणि तिथेच स्वस्त सेन्सर कामाला येतो.

आता त्याच्या अडचणी सांगतो. वायू मोजायला बाजारात सहज मिळणाऱ्या धातू-ऑक्साइडच्या सेन्सरला आतला थर काहीशे अंश सेल्सिअस तापवावा लागतो. जुन्या पद्धतीचा सेन्सर त्यासाठी पाऊण वॅटच्या आसपास वीज सतत खातो, म्हणजे बॅटरीवर शेतात ठेवायची सोयच नाही. सूक्ष्म हीटर क्षणभर तापवून बंद करत राहिलं की हा खर्च मिलिवॅटवर येतो. दुसरा प्रकार विद्युत-रासायनिक सेन्सरचा, आतल्या द्रावणातल्या क्रियेने वायू मोजणारा; त्याला तर वीज जवळपास लागतच नाही. प्रोसेसर बहुतेक वेळ झोपवायचा, आकडा लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवरून पाठवायचा (भारतात त्यासाठीच्या 865 ते 868 मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही), की छोट्या सोलर पॅनेलवर भागतं. विजेचा प्रश्न सुटलेला आहे.

सुटलेला नाही तो हवामानाचा. धातू-ऑक्साइड दमटपणालाही वायूसारखाच प्रतिसाद देतो. विद्युत-रासायनिक सेन्सर कोरड्या उन्हात आतून सुकतो, पावसात पाणी शोषतो. आणि आपल्या एकाच जिल्ह्यात खानापूर तालुक्यातलं कणकुंबीचं धो-धो पावसाचं रानही आहे आणि अथणीचा कोरडा उन्हाळाही! स्टुटगार्टच्या प्रयोगशाळेत बसवलेलं गणित तिथे टिकणार नाही. सेन्सर काही आठवडे प्रमाणित यंत्राशेजारी ठेवायचा, फरक काढायचा, आणि दर मोसमात ते पुन्हा करायचं. पेटी स्वस्त असते, हे काम महाग असतं. मदत म्हणून नुसत्या पेट्या पाठवणाऱ्या आम्हा परदेशस्थांनी हे आधी समजून घ्यावं.

माझा आतेभाऊ निपाणीजवळ ऊस करतो. तो म्हणाला, “दादा, तू कारखान्याकडं बोट दाखवणार आणि उद्या माझी तोड लांबली तर?” ही भीती मला क्षुल्लक वाटत नाही. म्हणूनच सुरुवात एखाद्या कारखान्याच्या गेटावर नको, माणसं राहतात-राबतात तिथे व्हावी: आसवनीच्या (डिस्टिलरीच्या) सांडपाण्याजवळच्या वस्तीत हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जिथे अजून कोकची भट्टी पेटते तिथल्या कामगारांसाठी कार्बन मोनॉक्साइडचा. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं, वास येणंच बंद होतं. तिथे नाकावर भरवसा ठेवता येत नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दलचं माझं मत इतकी वर्षं बाहेर राहूनही बदललेलं नाही. पण महाराष्ट्रातल्या कागलचा आणि कर्नाटकातल्या निपाणीचा उसाचा पट्टा सलग आहे, दूधगंगा दोन्हीकडे वाहते, आणि हवा तपासणारी मंडळं मात्र दोन. निकाल लागेपर्यंत मोजणी थांबवायचं कारण नाही. दोन्हीकडचे आकडे एका नकाशावर यावेत, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण धूर दोन्ही घरांत जातो.

बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत, उद्यमबागेत सुटे भाग घडवणारे हात आहेत. पहिली मागणी एवढीच करू या: प्रदूषण नियंत्रण मंडळाने आपल्या केंद्राच्या गच्चीवर विद्यार्थ्यांना वर्षभर सेन्सर ठेवू द्यावेत आणि केंद्राचे तासागणिक आकडे त्यांना द्यावेत.