कबुतराचं वरण

परवा लेकीचा इंग्रजीच्या चाचणीचा पेपर घरी आला. चौथीत आहे. पाठाचं नाव 'फूड अँड फार्म'. मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द लिहायचा होता. 'भाकरी'समोर तिनं इंग्रजी अक्षरांत 'भाकरी' असंच लिहून ठेवलं होतं. त्यावर लाल फुली, आणि बाजूला बाईंनी बरोबर उत्तर लिहून दिलेलं : ब्रेड.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, गावाकडून आलेल्या शेंगा फोडत बसल्या होत्या. "काय चुकलं गं माय?" लेकीनं सांगितलं. आत्यांचा हात थांबला. "ब्रेड? त्यो दुखण्यातला?"

मराठवाड्यातल्या खेड्यात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ब्रेड म्हणजे दवाखान्यात कुणाला बघायला जाताना पिशवीत घालून न्यायची वस्तू. ताप उतरलाय पण तोंडाला चव नाही, मग दुधात बुडवून दोन तुकडे. धडधाकट माणसापुढं कुणी ब्रेड ठेवला तर तो आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायचा.

बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या हातात जे पुस्तक आहे त्यात शेत कसं आहे बघा. लाल रंगाचं मोठं बार्न, 'हे' म्हणजे वाळलेलं गवत, ओट्स, पिग, पाश्चर, ऑर्चर्ड. बुजगावणं तेवढं ओळखीचं निघालं, तेही हॅट घातलेलं. निलंगा तालुक्यात आमचं शेत आहे. तिथं तूर आहे, हरभरा आहे, सोयाबीन आहे, थोडी ज्वारी आहे, एक म्हैस आहे आणि दोन बैल होते. त्यातला एकही शब्द पुस्तकात नाही. लेकीला 'बार्न' येतं, पण आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या वस्तीवरचा, गोठा इंग्रजीत सांगायचा म्हटलं की ती गप्प.

मग मीच वही काढली आणि म्हणलं, चल, आपल्या घरातल्या वस्तूंपासून सुरू करू. इंग्रजी मला बरं येतं, शिवाय मी शेतकी शिकलेली. सोपं जाईल असं वाटलं होतं.

पहिलाच शब्द तूर. इंग्रजीत 'पिजन पी', म्हणजे कबुतराचा वाटाणा. लेक हसून लोळायला लागली. "आई, आपण रोज कबुतराचं वरण खातो?" खोटं कसं सांगू? वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावर हे दाणे कबुतरांना घालायचे, त्यावरून ते नाव पडलं. जगात सगळ्यात जास्त तूर आपल्या देशात पिकते, आपणच ती खातो, बदनापूरच्या संशोधन केंद्रात तिचे वाण निघतात. आमच्याच तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरदाळीला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आणि इंग्रजीत तिची ओळख कुठल्या तरी बेटावरच्या कबुतरांकडून.

दुसरा शब्द हुलगे. 'हॉर्स ग्राम'. घोड्याचं कडधान्य. (इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं की आपणही बैलाला हुलगे घालतोच. पण हुलग्याच्या पिठाचे शेंगुळे बैलासाठी करत नाहीत.) ह्यातला 'ग्राम' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'ग्राओ'वरून आला, त्याचा अर्थ नुसता दाणा. म्हणून हरभरा 'बेंगाल ग्राम', मूग 'ग्रीन ग्राम', उडीद 'ब्लॅक ग्राम', तूर पुन्हा 'रेड ग्राम'. पोत्यांवर रंगाच्या चिठ्ठ्या लावल्यासारखं. गोदामात उभं राहून नावं ठेवली की अशीच पडतात. हरभऱ्याचं दुसरं नाव 'चिकपी', त्यातल्या चिकचा कोंबडीच्या पिलाशी काही संबंध नाही, ते लॅटिन 'सिसेर'वरून फ्रेंचमार्गे आलंय. आणि मटकी म्हणजे 'मॉथ बीन'. लेकीनं लगेच वहीत दिव्यावर येतो तो पतंग काढला. तो मॉथही पतंग नव्हे, आपल्या हिंदीतला 'मोठ'.

तोवर माझ्या लक्षात आलं की ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी ते धान्य रांधून खाल्लेलं नाही. त्यांनी ते जहाजातून नेलंय, मोजलंय, जनावरापुढं टाकलंय. आणि खाणाऱ्याची भाषा वेगळी, पिकवणाऱ्याची वेगळी, हे खुद्द इंग्रजांच्या घरातही घडलंय. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन सरदारांनी इंग्लंड घेतलं. मेंढरं राखणारा इंग्रज कुळवाडी त्यांना 'शीप'च म्हणत राहिला. तेच मेंढरू शिजून सरदाराच्या ताटात गेलं की फ्रेंच बोलीतलं 'मटन' झालं. कुडात 'पिग', ताटात 'पोर्क'. आज आपण बोकडाच्या मटणाला मटण म्हणतो, तेव्हा हजारेक वर्षांपूर्वीच्या त्या सरदाराचा शब्द वापरतो, तोही चुकीच्या जनावरासाठी.

आत्यांना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आन् मिलो?"

मिलो! आमच्या पिढीनं हा शब्द फक्त ऐकलाय. १९७२चा दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, आणि रेशनवर आलेली तांबडी अमेरिकन ज्वारी. तिला सगळे मिलो म्हणायचे. आत्यांना शाळा दुसरीपर्यंत, पण हा एक इंग्रजी शब्द त्यांच्या पोटात बसलाय. "भाकरी थापायला गेलं की फुटायची. वासच न्यारा." मिलो ही ज्वारीचीच जात. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांच्या खुराकात जाते. म्हणजे कबुतर झालं, घोडा झाला, आता गाय. आत्यांना हे मी सांगितलं नाही. भुकेल्या पोटाला त्या वर्षी तिनंच तारलं, त्याची आठवण उगाच कशाला नासवायची.

त्याच ज्वारीचं आता काय झालंय बघा. आधी सरकारी कागदावर ती 'भरडधान्य' होती, इंग्रजीतल्या 'कोर्स ग्रेन'चं भाषांतर. २०१८ साली ती 'पौष्टिक तृणधान्य' झाली, मग २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय मिलेट वर्ष आलं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात 'श्रीअन्न' झाली. पुण्यात नणंदेच्या घराजवळच्या मॉलमध्ये ती मला 'ग्लूटेन-फ्री सॉर्गम' ह्या नावानं भेटली. अर्ध्या किलोची पाकीटबंद, काचेच्या कपाटात. ओळख पटायला क्षणभर वेळ लागला. आत्या मात्र अजून 'जवारी'च म्हणतात. इतकी बारशी झाली, पण पेरणाऱ्याला कुणी घुगऱ्याला बोलावलं नाही.

आता कुणी म्हणेल, बाई इंग्रजीच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. आणि शुद्ध मराठीचा झेंडा तर माझ्या हातून उचलला जाणारच नाही. खरीप आणि रब्बी हे आपले दोन जीव की प्राण असलेले शब्द, दोन्ही अरबी. एकाचा मूळ अर्थ शरद, दुसऱ्याचा वसंत, दोन्ही सुगीवरून. जमीन गेली की आम्ही 'मावेजा' मागतो, बटाट्याला 'आलू' म्हणतो, पेरूला 'जांब' म्हणतो, मोसंबीच्या नावात मोझांबिक आहे हे विसरून तिला जालन्याची म्हणतो. १९६४ साली ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण आला. कृषी खात्यानं 'संकरित' म्हणून पाहिलं, लोकांनी 'हायब्रीड' उचललं. आणि नुसतं उचललं नाही, राबवलं. हायब्रीड म्हणजे खरिपाची ज्वारी, आणि थोडं काम करून दमणारं पोरगं दिसलं की तेही हायब्रीड. एवढा कस तर त्या शब्दाचा इंग्रजीतही निघाला नसेल.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे, आणि तो आधी माझ्यावरच आहे.

परभणीला शेतकी शिकताना शेवटच्या वर्षी 'रावे'साठी, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या अभ्यासक्रमासाठी, आम्हाला गावात राहायला पाठवलं. ज्वारीच्या रानात मी एका काकांना ऐटीत म्हणलं, "काका, इथं डेड हार्ट दिसतंय. शूट फ्लायचा अटॅक आहे." काकांनी माझ्याकडं पाहिलं, ज्वारीचं ताट, म्हणजे खोड, वाकवून मधला वाळलेला पोंगा उपटून हातात दिला. "पोंगे मेलेत म्हण की बाई. खोडमाशी हाय. तू कुणाची?" मी शेतकऱ्याची लेक. पोंगेमर हा शब्द मला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत होता. तीन वर्षांत मी तो कुठं ठेवून आले होते? कुणी विसरायला सांगितलं नव्हतं. उत्तरपत्रिकेत तो लागायचा नाही, एवढंच.

तिथून मी नावं नीट ऐकायला लागले. ज्वारीचं ताट आतून पोकळ होऊन वाळतं त्या रोगाला आम्ही पुस्तकात 'चारकोल रॉट' पाठ केलं होतं. शेतात तो खडखड्या आहे, नावात वाळल्या ताटाचा आवाजच. गव्हावरच्या तांबेऱ्याला इंग्रजीत 'रस्ट'. एकच रोग बघून त्यांना गंजलेलं लोखंड आठवलं, आपल्याला तांबं. ह्यात कोण वरचढ असं काही नाही, दोघांनी डोळे उघडून पाहिलंय. तुरीवरचा वांझ रोग आणि 'स्टेरिलिटी मोझॅक' हेही तसंच. दोन्ही नावं येणाऱ्या पोराला रान जास्त दिसतं, असा माझा अनुभव.

'वापसा'ला मात्र मी अजून अडलेय. पुस्तकात जवळचा शब्द 'फील्ड कॅपॅसिटी'. पाणी निथळून गेल्यावर माती जेवढा ओलावा धरून ठेवते तेवढा. ठीक आहे, पण ते मोजमाप झालं. माझे वडील पाऊस उघडल्यावर सकाळी रानात जाऊन मूठभर माती दाबायचे, ढेकूळ बोटानं फोडायचे, चपलेला किती चिकटली ते बघायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "उद्या वापसा होतोय." औत घालायचं का नाही, ह्याचं उत्तर त्या शब्दात आहे.

स्वयंपाकघरात तर अजून मजा. इंग्रजी रेसिपीत बहुतेक ठिकाणी एकच शब्द 'ग्राइंड'. आमच्याकडं ज्वारी दळतात, हरभरे भरडतात, शेंगदाणे कुटतात, मसाला वाटतात, मिरची ठेचतात, हळद कांडतात. प्रत्येकाला हत्यार वेगळं, हाताचा झोक वेगळा, आवाज वेगळा. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून आज काय बेत आहे ते कळायचं. आता मिक्सरनं सगळ्यांचं 'ग्राइंड' करून टाकलंय, त्यात इंग्रजीचा दोष नाही. आणि बेसन हाटणे? आधणाला उकळी आली की एका हातानं पीठ सोडायचं, दुसऱ्या हातानं गुठळी होऊ न देता गरगर ढवळायचं. 'स्टर' म्हटलं तर चहातली साखर हलवल्यासारखं वाटतं. उलटंही सांगते. भाकरी, वांगं, शेंगा, हुरडा, सगळ्याला आपलं एकच 'भाजणे'. तिथं 'बेक', 'रोस्ट', 'टोस्ट', 'ग्रिल' म्हणत इंग्रजी पुढं जातं.

आणि इंग्रजी यायलाच पाहिजे, हे मी दहा वेळा सांगेन. फवारणीच्या बाटलीवर चार रंगांपैकी एक त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. त्याच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत जे लिहिलंय ते वाचता न आल्यानं दुकानदार जे 'टॉनिक' देईल ते पंपात पडतं. तिथं 'सिस्टेमिक' कळलं पाहिजे. त्याचं 'आंतरप्रवाही' केल्यानं माझ्या भावाला काही जास्त कळलं नव्हतं. "औषध पानातनं रसात उतरतं आणि रस शोषणारी कीड मरते" असं सांगितल्यावर कळलं.

पण भाकरीचं 'ब्रेड' करून कुणाला काय जास्त कळलं? पिझ्झाचं भाषांतर कुणी करत नाही. इंग्रजीनं स्वतः चटणी घेतली, चपाती घेतली, दाळ घेतली. आपल्या शर्करेवरून तिनं 'शुगर' अरबांमार्फत नेली आणि गुळासाठीचा 'जॅगरी' पोर्तुगीजांमार्फत, एकाच घरच्या दोन लेकी दोन वाटांनी. चिंचेला ती 'टॅमरिंड' म्हणते, ते अरबांचं 'तमर हिंदी', हिंदुस्थानी खजूर. आमच्या पानचिंचोलीच्या चिंचेला आता जीआय आहे, तिला खजूर म्हणलं तर गावातली माणसं अंगावर येतील, पण शब्द गोड आहे. एवढं सगळं पचवलेल्या भाषेला एक भाकरी जड जाईल असं मला वाटत नाही. न्यायचीच असेल तर ज्वारीची भाकरी 'भाकरी' म्हणून जाऊ द्या, खाली एक ओळ लिहा : ज्वारीच्या पिठाची, हातानं थापलेली, तव्यावर आणि मग विस्तवावर भाजलेली.

हेच मी साध्या शब्दांत लेकीच्या डायरीत बाईंना लिहून पाठवलं. भांडण नको म्हणून शेवटी हसरा चेहरा काढला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अक्षर सुंदर आहे बाईंचं. "भाकरी मलाही खूप आवडते. परंतु परीक्षेत कृपया ब्रेड लिहावे."

लेकीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्या शेंगांची टरफलं सुपात भरत होत्या. म्हणाल्या, "मग मार्कासाठी आता आजारी पडायचं का?"