‘देवानं सगळं दिलं, फक्त कष्टाची सवय दिली नाही’: कोकणावरच्या ढकलपत्राला उत्तर

वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि आंब्याचे भाव उतरले की, एक ढकलपत्र माझ्या फोनवर येतं. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. कोकणाला देवानं समुद्र दिला, धो धो पाऊस दिला, हापूस दिला. तरी उन्हाळ्यात टँकर, आणि घरं चालली ती मुंबईच्या मनिऑर्डरवर. बंदरं होती, पण व्यापार जमला नाही. जमिनी आहेत त्या पडीक. केरळ बघा कुठे गेलं! कारण एकच: कोकणी माणूस आळशी. खाली हसणारे तीन पिवळे चेहरे.

यंदा ते आमच्या भावकीच्या ग्रुपवरच आलं, म्हणून जरा सविस्तर.

पाण्यापासून सुरू करतो. आमचं गाव राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळाच्या, खालच्या अंगाला. वाडीतल्या विहिरीत जुलैत काठावर बसून तांब्या बुडवता येतो. एप्रिलच्या शेवटी तिथेच पोहरा तळाच्या दगडावर खडखडतो. मधल्या काळात कुणी झोपा काढलेल्या नसतात. जांभ्याचा ताजा चिरा हातात घेऊन बघा, भोकंच भोकं. तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यातलं मुरतं ते या भोकांतून खाली जातं, चिकणमातीच्या थरावर अडतं आणि डोंगराच्या कडेनं झऱ्यांवाटे निघून जातं. न मुरलेलं वहाळातून नदीत, नदीतून खाडीत. सह्याद्रीच्या माथ्यापासून किनारा पन्नाससाठ किलोमीटरवर, त्यामुळे नदीला रेंगाळायला जागाच नाही. जुन्या लोकांना हे नेमकं कळलं होतं. म्हणून घरं सड्यावर न बांधता झऱ्याच्या खाली बांधली आणि पोफळीच्या पन्हळींनी पाणी परसात आणलं.

वर म्हणतील, कोयनेचं पाणी आहेच. वीज तयार झाली की ते पश्चिमेला वाशिष्ठीत सोडतात, वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी त्यासाठी ठरलेलं आहे. ते नदीतून उचलून डोंगरावरच्या वाड्यांत चढवायचं तर पंप, पाइप, वीज आणि सरकारी पैसा लागतो. घाम गाळून पाणी डोंगर चढत नाही. जिथे लहान बंधारे बांधले आणि मग गाळ काढायला कुणी फिरकलं नाही, तिथे मात्र दोष आमचा. ते मान्य.

आता बंदरं. ‘व्यापार जमला नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं नालासोपाऱ्याचा सोपारा तरी ऐकलेला असावा. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या वाटाड्या पुस्तकात सोपारा, कल्याण, चौल ही नावं आहेत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात उतरला तो चौललाच. दाभोळ हे बहमनी राज्याचं मोठं बंदर. सतराव्या शतकात राजापुरात इंग्रजांची वखार होती, वेंगुर्ल्यात डचांची. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर लुटलं. लुटण्यासारखं काही असल्याशिवाय कुणी लुटायला जात नाही!

मग हे गेलं कुठे? थोडं गाळात गेलं, अगदी शब्दशः. राजापूरच्या खाडीत गाळ साचत गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गॅझेटिअरात नोंद झाली की अरबी गलबतं अजून येतात, पण मोठं जहाज जुन्या धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतं. खरा घाव मात्र रेल्वेचा. कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, फोंडा हे घाट उतरून देशावरचा कापूस, गूळ बैलांच्या पाठीवर बंदरात यायचा आणि परतीला मीठ, नारळ, सुकी मासळी जायची. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत दक्षिण महाराष्ट्रातही रूळ पोचले आणि तो माल सरळ मुंबईकडे किंवा गोव्यातल्या मुरगाव बंदराकडे वळला. घाटाखालच्या बंदरांकडे उरली पावसाळ्यात बंद पडणारी बोट. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. बोरघाटानंतर १३५ वर्षांनी. महामार्गाच्या चौपदरीकरणावर मी काही लिहीत नाही, २०११ पासून त्यावर पुरेसे विनोद झालेत.

मनिऑर्डरचा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. मनिऑर्डर म्हणजे फुकटचा पैसा, असं धरूनच तो लिहिलेला असतो. गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं लाखांत मोजायची. आजोबा परळला गावमंडळाच्या खोलीत राहायचे: वीसपंचवीस बाप्ये, पाळीप्रमाणे झोपायचे, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. जेवण खानावळीत. मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोनचार ओळींपुरती जागा असे. आजीनं ते फाडून ठेवलेले तुकडे बिस्किटांच्या डब्यात जपले होते. एकावर फक्त एवढंच आहे: ‘भात झोडून झाले का. पाड्याला विकू नये.’

आणि ते भात झोडत कोण होतं? भाजावळीसाठी टाळ (झाडांच्या फांद्या) तोडायचे, डोक्यावरून आणायचे, रोपांच्या जागेवर पसरून तो राब भाजायचा, पेरायचं, मग तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून गुडघाभर चिखलात लावणी, ही कामं गावात राहिलेल्या बायकांनी केली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. त्याआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ८२ हजारांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा परळबरोबर आमच्या वाडीतल्या चुलीही थंडावल्या. मुंबईच्या कापडात कोकणचे हात होते. त्याची मजुरी गावी पाठवली तर ती भीक कशी?

हापूस ‘देवानं दिला’ हेही तसंच. हापूसची बाठ पेरून हापूस उगवत नाही, उगवतो रायवळ, म्हणजे साधा गावठी आंबा. पोर्तुगीजांच्या काळापासून पश्चिम किनाऱ्यावर कलमाची कला रुजली आणि आज उभं असलेलं हापूसचं प्रत्येक झाड कुणीतरी हातानं कलम बांधल्यामुळे उभं आहे. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा लोकांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली आणि पहिली दोनतीन वर्षं हंड्यानं पाणी घातलं. मोहोरावर तुडतुडे, फळात साका (गर आतून खराब होणं), एक वर्ष भरघोस तर पुढलं कोरडं. झाडाखाली आडवं पडून तोंडात आंबा पडण्याचं चित्र ज्यानं काढलं, त्याच्या हातात एकदा झेला, आंबे उतरवायची जाळीची काठी, द्यायला हवा.

केरळबद्दल दोनच ओळी. जांभ्याला ‘लॅटराइट’ हे नाव १८०७ साली मलबारातच पडलं. दगड तोच, तिथेही उन्हाळ्यात विहिरी आटतात. आणि केरळची घरं आखातातून येणाऱ्या पैशानं बांधली गेली, त्याला कुणी आळस म्हणत नाही.

राहिल्या पडीक जमिनी. पडीक आहेत, खोटं कशाला बोलू. पण जमीन कसणाऱ्याची होतीच कधी? खोतीत, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या खोताच्या हाती गाव असायचं त्या पद्धतीत, पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं कुळांनी संप केला आणि १९३९ पर्यंत जमीन मुद्दाम पडीक ठेवली. सहा वर्षं उपास काढून! आळसाचा हा प्रकार तेवढा ढकलपत्रात राहून गेला. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ साली. जमीन नावावर आली तोवर माणसं गिरणीत पोचली होती आणि मग वाटण्या न होता नुसती नावं वाढत गेली.

आमच्या एक एकर तीस गुंठ्यांच्या सातबारावर आज सत्तावीस नावं आहेत. चार वारलेली, एक बडोद्याला, बाकीची विरार ते डोंबिवली. बँक कर्ज देत नाही, काजू लावायचा तर सगळ्यांची संमती लागते. मी तीन वर्षं वारस नोंदीचे कागद घेऊन तलाठ्याकडे फेऱ्या घालतोय. एक सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिलेली सही ज्याची आहे, त्यानंच परवा ग्रुपवर हे ढकलपत्र टाकलं.