‘हा’ दिसला की सर्वनाम? वाक्य तरी वाचा!

काल संध्याकाळी आठवीतला एक मुलगा क्लासला आला तो तोंड पाडूनच. घटक चाचणीचा पेपर माझ्यापुढे टाकला. प्रश्न होता, सर्वनामे अधोरेखित करा. वाक्य: ‘हा रस्ता डेक्कनला जातो.’ पोराने खाली लिहिलं होतं, ‘यात सर्वनाम नाही, हा विशेषण आहे.’ त्यावर लाल पेनाने भली मोठी फुली.

अहो, बरोबर आहे त्याचं! ‘हा माझा भाऊ’ म्हटलं तर ‘हा’ नामाच्या जागेवर आलाय, तिथे तो सर्वनाम. ‘हा रस्ता’ म्हटलं की नाम शेजारीच आहे, ‘हा’ फक्त कुठला रस्ता ते दाखवतोय. सार्वनामिक विशेषण. अख्खा पावसाळा घासून घेतलंय मी हे त्यांच्याकडून.

आज सकाळी शाळेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, “मूळ सर्वनामं नऊ. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यात ‘हा’ आहे की नाही?” म्हणजे यादीत आहे, संपला विषय! वाक्यात तो शब्द काय काम करतोय हे बघायचंच नाही. वर गाइड उघडून दाखवलं. येताना अप्पा बळवंत चौकात उतरले, तेच गाइड विकत घेतलं. तेच वाक्य, तेच चुकीचं उत्तर. छापणाऱ्याला लाज नाही आणि शिकवणाऱ्याला शंका नाही.

‘समोर’चंही असंच करून ठेवलंय. ‘समोर बघ’ यात क्रियाविशेषण, ‘शाळेसमोर’ यात शब्दयोगी. शब्द एकच, जात वाक्याने ठरते. एवढी एक गोष्ट नीट समजली तर आठही जाती समजतात. पण आमच्याकडे मुलं पाढ्यांसारख्या याद्या म्हणतात.

आणि ज्यात खरी गंमत आहे ते कुणी शिकवतच नाही! आमच्या कोथरूडच्या क्लासमध्ये निम्मी मुलं मला विचारतात, “ताई, आम्ही आता सुरू करूया का?” अरे, मग मी कुठे जाऊ? ‘आम्ही’ म्हटलंस की ऐकणारा बाहेर राहिला, ‘आपण’ म्हटलंस की तो आत आला. इंग्रजीत दोन्हींना ‘वी’, हिंदीत दोन्हींना ‘हम’. आपल्या भाषेत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते या पोरांच्या तोंडून निसटत चाललेत. याने जीव जळतो माझा. चाचणीत यावर एक प्रश्न नाही. गाइडमध्ये काय, तर ‘आपण: आत्मवाचक’, म्हणजे फक्त ‘स्वतः’ या अर्थाचं. बस्स. ‘आपण बसावं’ मधला आदर कुठे गेला? ‘आपण सिंहगडावर जाऊ’ मधली सोबत कुठे गेली? ‘तो आपण होऊन आला’ एवढं एकच ‘आपण’ आहे का मराठीत?

दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं. तेव्हापासून माणसं या शब्दांवर डोकं लावत आलीत. 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पण सक्ती करून शिकवायचं काय, तर हे?

त्या बाईंना चार तुकड्या आहेत, शे-दीडशे पेपर तपासायचे असतात, कळतं मला. पण पोराने विचार करून उत्तर लिहिलं, दोन मिनिटं थांबून वाचायला काय हरकत होती?

क्लासमधून निघताना तो मुलगा म्हणाला, “ताई, पुढच्या वेळी शाळेत ‘हा’ला सर्वनामच लिहू का? मार्क जातात.” मी म्हटलं, नाही लिहायचं. सोमवारी पुन्हा जाणार आहे, थेट मुख्याध्यापकांकडे. तो मार्क घेऊनच येणार.