‘कासवे पुरे झाली, आता मधमाश्या वाचवा’ या संदेशाला उत्तर

दापोली-रत्नागिरीकडे सध्या एक संदेश फिरतो आहे. कासवे आता वाचली आहेत. मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असे आइनस्टाइन सांगून गेला. तेव्हा कासवांवरचा खर्च थांबवून तो पैसा मधपेट्यांना द्यावा, असे त्यात म्हटले आहे. त्यामागची कळकळ मला मान्य आहे, म्हणणे मान्य नाही.

आइनस्टाइनचे असे वाक्य त्याच्या लेखनात कुठेही सापडत नाही. शिवाय भात आणि नाचणी स्वपरागणाने पिकतात, त्यांना परागीभवनासाठी मधमाशीची गरज नसते. जगातील प्रमुख पिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना कीटक व इतर प्राण्यांच्या परागीभवनाचा कमीअधिक लाभ होतो, हे खरे आहे आणि तेवढेच पुरेसे गंभीर आहे.

‘कासवे वाचली’ हा तर घाईचा निष्कर्ष आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि ग्रामस्थांनी घरटी कोल्ह्या-कुत्र्यांपासून व अंडीचोरांपासून राखली, हे मोठेच काम झाले. पण पिल्लू समुद्रात गेले म्हणजे कासव वाढले असे होत नाही. इथे अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी अंडी घालण्याजोगी होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तोवर हजारांत एखादेच पिल्लू टिकते, असा अंदाज आहे. फुप्फुसाने श्वास घेणारा हा जीव ट्रॉलरच्या जाळ्यात अडकला की पाण्याखालीच गुदमरतो. त्यावर किनाऱ्यावरच्या कुंपणाचा काही इलाज चालत नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात आजही ‘असुरक्षित’ वर्गात आहे.

सर्वांत मोठी चूक मधपेटीची आहे. पेटीत सातेरी ही देशी मधमाशी राहते, बाहेरून आणलेली मेलिफेराही राहते. आग्या मधमाशी मात्र पेटीत राहतच नाही, ती कड्याला किंवा उंच झाडाला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. आणि जगातील मधमाशीच्या कुळातील सुमारे २० हजार जातींच्या माश्यांपैकी बहुतेक एकेकट्या राहतात, मध साठवत नाहीत. परसातल्या वांग्याच्या फुलाजवळ सकाळी थोडा वेळ थांबून पाहावे : निळ्या पट्ट्यांची एक माशी फुलाला घट्ट धरते, अंग थरथरवते आणि नळीसारख्या परागकोशांच्या टोकाच्या छिद्रांतून पराग झडतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. ही माशी मातीच्या भिंतीत किंवा दरडीत बीळ करते. तिला पेटी देऊन काय उपयोग? उलट पेट्यांची दाटी झाली, तर त्याच फुलांवर तिचे वाटेकरी वाढतात.

कासवाच्या घरट्यांची निदान मोजदाद होते आणि ते वन्यजीव कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीतही आहे. पेटीबाहेर रानात राहणाऱ्या अशा रानमाश्यांच्या बहुतेक जातींची कोणी गणतीच केलेली नाही, त्यामुळे दोघांच्या संकटाची तुलना करण्यास लागणारी आकडेवारीच हाती नाही. शिवाय कासवाला वाळूवर राखणदार हवा आणि समुद्रात सुटकेची वाट असलेली जाळी हवीत. रानमाशीला हवा तो न खणलेला बांध, जेसीबीने सपाट न केलेला सडा (कातळाचा माळ) आणि आंब्याचा मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशकाचा पंप बंद ठेवणारा बागायतदार. यातले बरेचसे कासवांच्या खर्चातला एक रुपयाही न काढता याच हंगामात करता येते.